गाडी नवी करू नका

जुनी लष्करी गाडी हाती आली की आपल्याकडे पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. गाडी गॅरेजात जाते. हौदा, बॉनेट, मडगार्ड सगळं सुटतं, पत्रा सँडब्लास्टिंगला जातो, खड्डे पुट्टीने बुजतात, वर चकचकीत हिरवा रंग चढतो, बॉनेटवर पांढरा तारा उमटतो आणि मूळचं पेट्रोल इंजिन भंगारात जाऊन त्याच्या जागी डिझेल बसतं. फोटोत गाडी झकास दिसते. पण तिच्यात ऐंशी वर्षांपूर्वीचं काय उरलं असं विचारलं, तर मालकाला चासी नंबराच्या पट्टीकडे बोट दाखवावं लागतं, आणि तीही पुष्कळदा नवी छापून आणलेली असते. या छंदात नव्याने उतरणाऱ्यांना माझं सांगणं नेमकं उलट आहे. ट्रक किंवा जीप सुरक्षितपणे चालावी आणि तिचा गंज थांबावा, यासाठी जेवढं लागेल तेवढंच करा. बाकीचं आहे तसं राहू द्या. सल्ला आळशी वाटेल, पण तो पाळायला डोकं आणि संयम दोन्ही जास्त लागतात. पैसे मात्र कमी लागतात.

असं का, ते या गाड्या किती संख्येने बनल्या हे पाहिलं की कळतं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. जीएमसीच्या अडीच टनी ‘सिक्स बाय सिक्स’ ट्रकांचा आकडा साडेपाच लाखांच्या पुढे गेला. कॅनडाने सगळी मिळून आठ लाखांवर लष्करी वाहनं बनवली. त्यांतली निम्म्याहून अधिक ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ म्हणून ओळखले जाणारे बसक्या नाकाचे ट्रक होते. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठी बनलेले म्हणून ते उजव्या स्टिअरिंगचे. संस्थानिकांची रोल्स-रॉइस एकेकट्याच्या फर्माईशीवरून घडलेली असते, म्हणून ती कारखान्यातून निघाली तेव्हाच वेगळी होती. लष्करी ट्रक निघाला तेव्हा त्याच्या मागच्यापुढच्या हजारोंसारखाच होता. त्याला वेगळेपण आलं ते नंतर, वापरात: कुठे ठिगळ लागलं, कुठे दुसऱ्याच कंपनीचा भाग बसला, रंगाचे किती थर चढले, हौद्याच्या फळ्या कुठे झिजल्या. या खुणा पुसल्यावर हाती राहते ती लाखांतली एक प्रत, आणि तशा सजवलेल्या प्रती युरोप-अमेरिकेत ढिगाने आहेत.

जुन्या वाहनांच्या जपणुकीसाठी काम करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद याच विचारावर उभी आहे. जपणूक, संवर्धन आणि जीर्णोद्धार या तीन गोष्टी ती वेगळ्या मानते आणि हस्तक्षेप जितका कमी तितका बरा, असा तिचा कल आहे. नवा भाग बसवलाच तर तो नवा आहे हे नंतर ओळखता यावं, अशी खूण करावी असंही ती सुचवते. ही सूचना स्वस्तातली आणि फार उपयोगाची आहे. नव्या कंसावर आतल्या बाजूला, डोळ्याला सहज न दिसणाऱ्या जागी, पंचने साल ठोकायला मिनिटभर लागतं. पन्नास वर्षांनी गाडी पाहणाऱ्याची त्यामुळे फसगत होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे. सैन्याने तरी या गाड्या कुठे मूळ स्वरूपात ठेवल्या होत्या? जीपचंच पाहा. फोर्डच्या जीपमध्ये चासीचा पुढचा आडवा भाग उलट्या ‘यू’च्या आकाराचा असतो, विलीजमध्ये तो गोल नळीचा असतो. फोर्डने स्वतःच्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवलं होतं. आणि तरीही विलीजच्या चासीवर फोर्डचं इंजिन, त्यावर तिसऱ्याच गाडीचा टब, अशा जीप सर्रास सापडतात. दुरुस्तीसाठी एकाच वेळी अनेक गाड्या उघडल्या जात आणि कुठलं इंजिन कुठल्या गाडीत परत गेलं, याचं सोयरसुतक कुणाला नसे. भाग अदलाबदलीचे असावेत हाच मुळी त्या रचनेचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या वाहनदुरुस्ती शाखेच्या वर्कशॉपनी याच गाड्या पुढची कित्येक वर्षं चालत्या ठेवल्या. मग ‘मूळ’ म्हणजे काय? माझं उत्तर असं की आक्षेप खरा आहे आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये झालेली सरमिसळ हा त्या गाडीच्या सेवेचा पुरावा आहे. तुमच्या गॅरेजमध्ये होणारी सरमिसळ तो पुरावा झाकते. विलीजच्या चासीवर फोर्डचा भाग निघाला म्हणून तो काढून ‘जुळणारा’ भाग शोधत फिरणं हा शुद्ध खोडसाळपणा आहे, मग त्याला कितीही पैसे मोजलेले असोत.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, कॅमेऱ्याचं आणि वहीचं आहे. एकही नट सोडवण्याआधी गाडीचे सर्व बाजूंनी, खालून आणि आतून फोटो घ्या. वायरी कुठून कशा जातात, पाइप कुठल्या क्लिपेत अडकवलेत, पाट्यांचे यू-बोल्ट कोणत्या दिशेने बसलेत, हे त्यात दिसलं पाहिजे. मग आकडे शोधा. फोर्डच्या जीपचा नंबर चासीच्या डाव्या दांडीच्या वरच्या अंगाला, इंजिनाजवळ ठोकलेला असतो. तो बहुधा रंगाखाली आणि चिखलाखाली दडलेला असतो, तेव्हा तिथे ग्राइंडर लावू नका, केरोसीन आणि पितळी ब्रश पुरे. शेव्हर्लेच्या ओतीव भागांवर ते कधी ओतले त्याची तारीख सांकेतिक अक्षर-अंकांत असते. ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्स यांच्या तारखा एकमेकींशी मिळत असतील तर ते भाग जन्मापासून एकत्र असण्याची शक्यता बरीच; एखादीच वेगळी निघाली तर तो भाग नंतरचा. वहीतल्या या नोंदी पुढे मिस्त्रीशी बोलताना, सुटे भाग मागवताना आणि आरटीओत कागद मांडताना कामाला येतात.

रंगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. लष्करी गाडीवर रंगाचे थर एकावर एक चढत जातात, आणि नव्या तुकडीचं चिन्ह पुष्कळदा जुन्या चिन्हावरच काढलं जातं. हे थर वाचता येतात. बॉनेटच्या कडेला किंवा डॅशबोर्डच्या जवळ अंगठ्याएवढी जागा घ्या. चारशे नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून हजारपर्यंत जा, पाणी लावत, एकाच दिशेने, हलक्या हाताने. कडेपासून मध्याकडे जाताना एकेका थराची वर्तुळं उघडी पडतात. त्यांचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. अमेरिकी जीपच्या बॉनेटवरचे सुरुवातीचे नोंदणी क्रमांक पांढरे नव्हते. ते निळसर मळकट रंगाचे असत आणि हिरव्यावर जेमतेम दिसत. अशी ओळ खाली दडलेली असताना सँडब्लास्टिंग करणं म्हणजे न वाचलेलं पत्र जाळणं. शिवाय त्या जुन्या रंगांत शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं टाळा आणि पाणी लावून काम करतानाही मास्क घाला.

इथे एक कायदेशीर अडचण आडवी येते. पुष्कळ हौशी लोकांना ती ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते तिकडे काणाडोळा करतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी हौशी लोक एवढा खर्च करतात, नेमका तोच रंग खासगी गाडीला रस्त्यावर चालत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम मला योग्य वाटतो, त्यातून पळवाट शोधण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे खालचे थर खरवडायची काहीच गरज नाही. जुना रंग साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा, त्यावर नंतर काढता येईल असा वेगळं करणारा थर द्या आणि त्यावर इतिहासाला धरून असलेला दुसरा रंग लावा. पर्याय पुष्कळ आहेत. चौथी भारतीय डिव्हिजन ज्या उत्तर आफ्रिकेत लढली, तिथल्या गाड्या वाळूच्या फिक्या रंगाच्या असत. रॉयल एअर फोर्सच्या गाड्या निळसर राखाडी आणि अमेरिकी नौदलाच्या जीप करड्या होत्या. कॅनेडियन ट्रक वाळूच्या रंगात शोभतोही. मात्र सैन्याच्या गाड्यांवर असते तशी बाणाची नंबरपट्टी रस्त्यावर लावू नका, हौस म्हणूनसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप गंजाचा. रंग उतरवला नाही, पत्रा मोकळा केला नाही, तर आतला गंज गाडी खाऊन टाकेल, असं म्हणतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला ही भीती वाटणं साहजिक आहे. पण गंजाला ओल आणि हवा लागते. त्या तोडल्या की तो थांबतो, त्यासाठी निरोगी पत्र्यावरचा रंग काढावा लागत नाही. सुटा गंज हाताने खरवडा आणि उरलेल्यावर टॅनिनयुक्त गंजरोधक लावा. टॅनिन लोखंडाच्या गंजाशी मिळून काळा, टिकाऊ थर तयार करतं. सह्याद्रीतल्या हिरड्यात असतं तेच हे टॅनिन, फक्त इथे ते बाटलीतून आणायचं. चासीच्या पोकळ भागांत, दारांच्या आत, मडगार्डच्या दुमडींत पातळ मेणाचं द्रावण फवारा. पाणी साचू नये म्हणून कारखान्याने ठेवलेली भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा; निम्मा गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिक ताणून बांधू नका, आत घाम सुटतो. पत्र्याचं छप्पर, सगळीकडून खेळती हवा आणि सुती कापडाचं आच्छादन हवं. चार महिने गाडी हलणार नसेल तर ती घोड्यांवर चढवून टायरवरचा भार काढा आणि बॅटरीची तार सोडा. पत्रा आरपार गेला असेल तिथे मात्र कापून नवा जोडावाच लागतो. तेव्हा तेवढाच तुकडा कापा. पॅनेलच्या पॅनेल बदलू नका, आणि पुट्टीने भोक बुजवणं तर नकोच.

आता ‘सुरक्षित चालावी’ या शब्दांकडे वळू, कारण माझ्या नियमात तडजोड नाही ती इथे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग या पाच ठिकाणी जुनेपणाचं कौतुक करायचं नाही. महायुद्धकाळातल्या जीपच्या ब्रेकला एकच सर्किट असतं. एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरचं रबर फुटलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडा, आत खड्डे असतील तर लेथवर पितळेची किंवा स्टीलची स्लीव्ह घालून घ्या, रबरं आणि नळ्या सगळ्या नव्या बसवा. बाहेरचं ओतीव अंग मूळचंच राहतं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि सायलेन्सरच्या गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं.

चाकांचा धोका तर जीवघेणा आहे. ब्रिटिश पद्धतीच्या लष्करी चाकात रिम दोन भागांची असते आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा सुटतो. म्हणूनच ते नट लाल रंगवण्याची पद्धत होती. तुमच्या गाडीवर तो लाल रंग उडालेला असेल तर पुन्हा लावा आणि टायरवाल्याला सांगा की आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, मग पाना. जीपच्या दोन भागांच्या ‘कॉम्बॅट’ रिमलाही हेच लागू. ६.००-१६ मापाचे टायर आपल्याकडे सहज मिळतात खरे, पण त्यांत ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायरही त्याच मापाचे असतात. ते शेतातल्या वेगासाठी असतात, महामार्गासाठी नव्हेत. माप जुळलं म्हणून ते घेऊ नका.

इंजिनाच्या बाबतीत तिसरा आक्षेप येतो: पार्ट मिळत नाहीत, पेट्रोल परवडत नाही, मग डिझेल टाकलं तर बिघडलं कुठे? पार्टच्या तक्रारीत तथ्य कमी आहे. विलीजच्या २.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाचं खानदान महिंद्राच्या जीपमधून आपल्याकडे पुढे अनेक वर्षं चाललं. कॅनेडियन शेव्हर्ले ट्रकचं सहा सिलिंडरचं आणि फोर्डचं व्ही-आठ इंजिन मुळात नागरी गाड्यांचं होतं, त्यामुळे त्यांचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग जगभर मिळतात. पेट्रोलच्या दर्जाचीही भीती नको. जीपच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहास एक आहे, आजचं साधं पेट्रोल त्याला गरजेपेक्षा वरचढच. खरी काळजी इथेनॉलची. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. राहिला खर्च. वर्षाकाठी काहीशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत डिझेलने वाचणारा पैसा इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. त्या बदलासाठी चासीवरचे कंस कापावे लागतात, आणि तो काप परत भरून येत नाही.

जाम झालेलं इंजिन ओढून सुरू करण्याचा मोह टाळा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, आठवडाभर राहू द्या, मग हँडलने पुढेमागे हलवून बघा. सहा व्होल्टच्या वायरिंगलाही बदनामी फुकट मिळाली आहे. तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून स्टार्टरची केबल जाड हवी आणि अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत हव्यात. लोक बारा व्होल्टची बारीक केबल लावतात आणि दोष सहा व्होल्टला देतात. आणखी एक, फोर-व्हीलचा लीव्हर डांबरी रस्त्यावर ओढू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सोडायला निसटती जमीन लागते, नाहीतर ट्रान्सफर केसवर येतो.

कायद्याचा विचार गाडी घेण्याआधीच करायचा. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षांची, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे डिझेल घातलेली, चासी कापलेली जीप या सवलतीला मुकते, आणि वाहनातल्या फेरफारांवर निर्बंध घालणारं मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलमही तिच्या आड येतं. कमीत कमी हात लावलेली गाडी मात्र नियमाच्या व्याख्येत सहज बसते.

पण ट्रकवाल्यांनी नीट वाचावं: ही तरतूद दुचाकी आणि ‘एम-वन’ म्हणजे प्रवासी मोटारींच्या वर्गापुरती आहे. मालवाहू ट्रक त्यात येत नाहीत. जबलपूरला १९५९पासून जर्मन ‘मॅन’ कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमान असो की कॅनेडियन शेव्हर्ले, कितीही जुना झाला तरी त्याला ‘व्हीए’ नंबर मिळायचा नाही. सैन्याच्या लिलावातून आलेल्या कुठल्याही गाडीच्या नागरी नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचं फॉर्म २१मधलं मूळ विक्रीपत्र लागतं. मधल्या चार हातांत ते हरवलं असेल तर सौदा तिथेच थांबवा, विक्रेता कितीही आश्वासनं देवो. नोंदणीविना ट्रक ठेवायचाच असेल तर तो स्वतःच्या जमिनीवर, रस्त्यावर न आणता, आणि प्रदर्शनाला न्यायचा तो ट्रेलरवर चढवून.

म्हणून पहिल्यांदा या छंदात येणाऱ्याने जीपपासून सुरुवात करावी आणि ट्रककडे दुसऱ्या फेरीत वळावं, असं मला वाटतं. दरम्यान अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक दिवस घालवून जड लष्करी वाहनांचा आकार आणि वजन डोळ्यांत भरून घ्या. रिकामा जीएमसीसुद्धा चार टनांच्या आगेमागे भरतो, त्याला घरच्या गॅरेजचा जॅक पुरत नाही. ट्रक घ्यायचं ठरलंच तर पैसे देण्याआधी शेडच्या दाराची उंची मोजा. ताडपत्रीच्या कमानी उतरवल्या की गाडी बरीच बुटकी होते. त्या उतरवताना प्रत्येकीवर पुढून मागे असा क्रमांक घालून ठेवा. दिसायला सगळ्या सारख्या असल्या तरी इतक्या वर्षांत प्रत्येक कमान आपापल्या खोबणीपुरतीच वाकलेली असते आणि दुसरीच्या जागी बसत नाही.